आधी देव, मग पाय

अप्पा गेल्याचा निरोप पेडगावहून आला, तेव्हा मी परभणीच्या शाळेत मुलांकडून उर्दूचा धडा वाचून घेत होतो. धडा पुरा करूनच निघालो... का, ते अजून सांगता येत नाही.

अप्पा माझे चुलते. उन्हाळ्यात त्यांचे पाय इतके सुजले की वहाणा चढेनात. सुट्टी असल्यानं मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "दिल कमजोर झालाय, म्हणून पाणी पायात उतरतंय. सकाळी पाय खाली टाकायच्या आत बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधा. दम वाढला तर लगेच सोडा." घरी आल्यावर काकूनं विचारलं, "पारोशानं पट्टी बांधल्यावर अंघोळ कधी, सोवळं कधी?" अप्पा म्हणाले, "आधी देव, मग पाय. तू शिकलेला हायस, तूच सांग." मी सांगितलं, "पूजा झाल्यावर बांधू. तेवढ्यानं काय होतंय!"

पूजा दोन तास चाले. तोवर पाय टम्म व्हायचे, मग मी आवळून पट्टी बांधायचो. "घोड्यासारखं बांधलंस की रे! आता टांग्याला जुंप," अप्पा हसायचे. आठवड्यात सूज उतरली. पण अप्पांना आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. "पायातलं पाणी छातीत चढलं का रे?" काकूनं विचारलं. अप्पा म्हणाले, "पाय बघ की, लय हलके झालेत." मीही पायच पाहिले. आणखी दोन दिवस पट्टी बांधली आणि मग सोडली. दम मात्र कमी झाला नाही. पट्टीनं तो वाढला, की वाढणारच होता... शाळा उघडली म्हणून मी परभणीला परतलो, आणि आठ दिवसांत तो निरोप आला.

मागच्या आठवड्यात न राहवून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "पट्टी कधी बांधत होता?" मी म्हणालो, "उठायच्या आधी." दम वाढल्यावरही पट्टी बांधली त्या दोन दिवसांचा तर मी विषयच काढला नाही.

"मग तुमची काही चूक न्हाई, मास्तर."

काकू आता माझ्याकडेच असते. घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती. डॉक्टरांचं बोलणं मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

"सगळं सांगितलंस ना त्यांना? पूजेचंबी?"

"हो."

तिनं डोळे पुसले. "मला वाटायचं, मीच सोवळ्याचं काढलं म्हणून..."

त्या दुपारी, कितीतरी दिवसांनी, काकूनं भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली. मी वाढत राहिलो.