आकड्याला चिकटवलेलं घर

शेणवे गावातल्या आमच्या गिरणीत भात भरडायला आलेलं पोतं कुणाचं, हे त्याच्या तोंडाला बांधलेल्या चिंधीवरून कळतं. चिंधी घरातल्या जुन्या साडीची. वजन सारखं, वाण सारखा असला तरी दुसऱ्याच्या शेतातला तांदूळ इथे कुणी घरी नेत नाही. हा हट्ट मला मनापासून आवडतो. पण मागे पाड्यापाड्यांत एकाच रंगाच्या साड्या वाटल्या गेल्या, यंदा त्यांच्याच चिंध्या झाल्या आणि सगळी पोती जुळी दिसू लागली.

सासूबाई म्हणाल्या, "दिसभर त्या लॅपटॉपवर टकटक करतेस, आमच्यासाठीपन कायतरी कर गो."

मी घरूनच प्रोग्रामिंगची नोकरी करते, त्यामुळे ऐटीत बसले. काट्यावरचं वजन पडद्यावर येत होतंच, त्या आकड्यालाच घराचं नाव चिकटवायचं ठरवलं. मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते, त्या जावास्क्रिप्टमधला आकडा मोठा लबाड. चिकटवताना हूं की चूं करत नाही, आणि पुढच्या ओळीत विचारावं तर नाव गायब. माझं डोकंच फिरलं. सगळे आकडे ज्या मूळ साच्यातून निघतात, त्या साच्यालाच मी नाव चिकटवून दिलं.

आता ते टिकलं. पण साचा सगळ्यांचा एकच, त्यामुळे नवं नाव आलं की आधीचं पुसलं जाई. डोळखांबकडच्या एका मावशीचं पोतं सगळ्यात शेवटी काट्यावर आलं, आणि पडद्यावर प्रत्येक पोतं तिच्याच घरचं झालं.

"बाय, सगळी गिरनी तुजीच झाली गो," सासूबाई हसत म्हणाल्या.

मावशी हसली नाही. ती आपल्या पोत्यावर जाऊन बसली. "मला सगळी नको. माजाच तांदूल दे. लेक बालंत झाली, तिला माज्या शेतातलीच पेज घालायचीय."

माझी ऐट उतरली. माणसं समोरच होती म्हणून बरं, सगळी वजनं पुन्हा केली. साच्यावरचं नाव काढून टाकलं आणि प्रोग्राममध्ये प्रत्येक पोत्यासाठी वेगळी वस्तू बनवली: एका कप्प्यात वजन, दुसऱ्यात घर. मावशीचं भात पहिलं भरडलं. खाली पडणारा दाणा तिने चावून पाहिला आणि मान डोलावली.

"त्यात घर कोनाचं लिवलंस?" तिने पडद्याकडे बोट करून विचारलं.

मी तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव वाचलं. पाड्यावर घर अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

"तो गेला. आता घरात मी नि लेक. लेकीचं टाक."

मी नाव बदललं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग सासूबाईंना म्हणाली, "चल, पोतं डोक्यावर दे."