उंबऱ्यावरून मोजलेला पत्ता

माझी शाळा तिसरीत सुटली. पुढं जे काही शिकलो ते धान्याच्या राशीवर. वालूरच्या बाजारात मी मापारी होतो. शेतकऱ्याचं धान्य पायलीनं मोजायचं आणि व्यापाऱ्याच्या पोत्यात टाकायचं, हे आमचं काम. मोजताना गायला लागायचं. गायचं म्हणजे काय, आकडा तोंडात धरून ठेवायचा, पुढची पायली भरेपर्यंत सोडायचा नाही. दोन रे दोन, दोन रे दोन, आणि पायली रिकामी झाली की तीन रे तीन. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'बरकत' म्हणत. आणि एकदा रास हातात घेतली की मधी थांबायचं नाही. देव जरी समोर येऊन उभा राहिला तरी त्यानं रास संपेपर्यंत उभं राहावं.

नंतर वजनकाटे आले. काट्याला गळा नसतो. माझं गाणं बाजारातून उठलं आणि माझ्या दुपारच्या झोपेत येऊन बसलं. ओसरीवर बाज टाकून पडलो की डोळ्यापुढं ज्वारीची रास उभी राहायची, पांढरी, ऊन पडलेली, आणि मी तिच्यातून पायली भरायचो तरी ती कमी व्हायची नाही. म्हातारी म्हणते, झोपेत बी तुमचं तोंड चालू असतंय. असेल. तोंडाला काम लागतं.

आमच्या घरात एक रीत आहे. सून सासऱ्याच्या शेजारी बसत नाही. ही रीत मी काढली नाही, पण मोडली पण नाही. सूनबाई मधल्या खोलीत कम्प्युटरवर बसते, मी ओसरीवर. आमच्या मधे सागवानी उंबरा. ती आतून बोलते, मी बाहेरून. तोंडं दिसत नाहीत, आवाज ऐकू येतो. मला ते बरं वाटतं. आवाजावरून माणूस जास्त कळतो, असं माझं मत आहे, आणि माझं मत मी सहसा बदलत नाही.

ती कम्प्युटरवर वेलबुट्ट्या काढते. कापडावर भरतकामासाठी. परमुलुखातली माणसं तिच्याकडून त्या विकत घेतात आणि पैसे म्हणून एक नाणं पाठवतात, जे कुणाच्या हातात येत नाही. क्रिप्टो म्हणतात त्याला. मुलगा पूर्णेला रेल्वेत आहे, सुट्टीला येतो, त्याला पण ते नीट समजत नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, "हे नाणं असतंय कुठं?"

"कुठंच नसतंय मामा. नुसता हिशोब असतो. कुणाच्या पत्त्यावर किती हाय, एवढंच."

"आणि पत्ता?"

"लांबच लांब असतो. आकडे आणि अक्षरं. एक अक्षर जरी चुकलं तर दुसऱ्याच्या घरी जातंय, आणि गेलेलं परत येत न्हाई. तक्रार बी कुणाकडं करावी, तर कुणीच नसतंय तिथं."

मला ते एखाद्या बारवेसारखं वाटलं, जिच्यात टाकलेल्या खड्याचा आवाज वर येत नाही.

लग्न झाल्यापासूनची तिची सगळी कमाई त्या नाण्यात होती. त्यातून तिला स्टँडच्या रस्त्यावर स्वतःच्या नावाचं दुकान घालायचं होतं, भरतकामाच्या मशिनीचं. आमच्या घरातल्या बाईच्या नावाचं शटर गावानं आजवर पाहिलं नव्हतं. मी हो म्हणलो नव्हतो. नाही पण म्हणलो नव्हतो. हुक्क्यासारखी ती गोष्ट घरात नुसती गुडगुडत होती.

तर एके दिवशी कुरिअरनं एक डबी आली. काडेपेटीएवढी, तिला बारकी काच. सूनबाई म्हणली, कम्प्युटरमधलं नाणं आता या डबीच्या पत्त्यावर न्यायचं, म्हणजे कम्प्युटर बिघडला तरी कुणाचा हात पोचणार नाही. डबीच्या काचेवर पत्ता उमटतो. वायर जोडली की तोच कम्प्युटरवर पण दिसतो. तिथून तो कॉपी करायचा, पाठवायच्या रकान्यात पेस्ट करायचा, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं.

"सगळे जण पहिली चार अक्षरं बघतेत आणि शेवटची चार," ती म्हणली. "तेवढं जुळलं की झालं."

मी म्हणलो, "या घरातून माल बाहेर जायचा तर माप मोठ्यानं झालं पायजे. डबी हिकडं दे. मी बोलतो, तू ताडून बघ."

"तुमाला इंग्रजी अक्षरं येतेत?"

"येतेत."

येत नव्हती. आकडे यायचे, एसटीच्या पाट्यांवरून. पाटीवर खडूनं ए ते एफ अशी सहा लहान अक्षरं काढून तिनं उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली. त्या पत्त्यात तेवढीच सहा असतात म्हणे, बाकी सगळे आकडे. मी पाटी जवळ ओढली आणि सांगितलं, नावं मी माझीच ठेवणार. एक होता विळा. एक हमालाचा आकडा, पोतं उचलायचा. एक पोट पुढं आलेला, एक पोट मागं गेलेला. एक डोळा, पेंगुळलेला. आणि एक वाकलेली म्हातारी.

"माझ्याकडं बघून ठेवलं का हे नाव?" म्हातारी तूर पाखडता पाखडता म्हणली.

"तू वाकलीस कुठं अजून?" मी म्हणलो. "घरात तर सगळ्याला वाकवायलीस."

आतून सूनबाईच्या हसण्याचा आवाज आला आणि पदरात दाबला गेला.

दुपार होती. हिवाळ्याचं ऊन ओसरीवर तिरपं पडलं होतं आणि तुरीचं फोलपट त्यात तरंगत होतं, खाली यायची त्याला घाई नव्हती. डबीची वायर आतून उंबऱ्यावरून माझ्या बाजेपर्यंत आली होती. एक मुंगी तिच्यावरून चालत होती, आतून बाहेर. मी डबी डोळ्याजवळ धरली. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डाव्यात धुकं आहे. ते धुकं मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी सुरू केलं. जुना सूर आपोआप लागला. "तीन रे तीन, तीन रे तीन..."

"हाय," आतून आलं.

"विळा रे विळा..."

"हाय."

"बरकत रे बरकत..."

"हाय, मामा. एक."

अक्षरं एकेक करून निघाली. मला वाटलं, मी रास मोजतोय, पांढरी ज्वारीची, आणि पायलीतून ज्वारीऐवजी विळे पडायलेत, डोळे पडायलेत, आकडे पडायलेत. बाजार भरलाय आणि कुणी बोलत नाही. ऊन गुळासारखं घट्ट झालंय.

चारच अक्षरं झाली असतील. ती आतून म्हणली, "मामा, बास. सुरुवात जुळली. शेवटचं मी मगाशीच बघितलं, ते बी जुळतंय. पाठवते मी."

"रास अर्धी टाकायची नसते."

"अवो मामा, दोन्ही टोकं जुळली ना."

"मी चालू केलंय. पोट पुढं रे पोट पुढं..."

तिनं उसासा टाकला, पण "हाय" म्हणली. पुढचं पण हाय. मग मी म्हणलो, "विळा रे विळा."

आतून काही आलं नाही.

"विळा रे विळा," मी धरून ठेवलं.

"मामा, इथं सात हाय."

"विळा हाय."

"सात हाय. पुढं काय हाय?"

"डोळा."

"इथं नऊ हाय." ती थांबली. "ओळ चुकली का तुमची? काच लय बारकी हाय. तुमचा डोळा..."

म्हातारीचं सूप थांबलं.

मी काचेकडं पाहिलं. विळा होता. मग पुन्हा पाहिलं तर त्याच्या टोकाशी धुकं होतं आणि मला खात्री राहिली नाही. आयुष्यभर माझं माप कुणी पुन्हा मोजलं नव्हतं. एका व्यापाऱ्यानं एकदा मोजायला लावलं तर मी पायली त्याच्या पायाशी ठेवून घरी आलो होतो आणि तोच मला बोलवायला आला होता. आता ही कालची पोर, उंबऱ्याच्या आतून, माझा डोळा काढते.

"मामा, पाठवू का?" ती म्हणली. "बोट ठेवलंय मी. तुमी म्हणाल तसं."

दोनच गोष्टी होत्या. 'पाठव' म्हणायचं, म्हणजे डबी माझ्या मुठीत राहील आणि माझ्या डोळ्याचं कुणाला कळणार नाही. नाहीतर डबी तिच्या हातात द्यायची. तिनं पाहिलं आणि तिथं खरंच सात असला, तर उद्यापासून मी या घरात जपून चालवायचा माणूस. माझ्या मुठीत ती डबी गरम झाली होती. लहान पाखरू धरल्यासारखी. तिचं दुकान त्या मुठीत होतं, तिचं शटर, तिचं नाव. मला ते शटर दिसलं, अर्धं वर उचललेलं.

"थांब," मी म्हणलो.

मी बाजेवरून उठलो आणि उंबऱ्यापाशी गेलो. हात आत केला. तिनं पदर सावरला, डबी घेतली. मी तोंड अंगणाकडं करून उभा राहिलो. लिंबाच्या झाडावर एक कावळा बसला होता. त्याला मी खूप वेळ नीट बघितलं.

"मामा."

"बोल."

"विळाच हाय."

मी वळलो नाही. मला वळता आलं नाही.

मग आत तिची बोटं कम्प्युटरवर वाजायला लागली. कॉपी केलं, पेस्ट केलं. पुन्हा केलं. कोऱ्या पानावर केलं. दर वेळी ती डबीचा पत्ता ठेवायची आणि दुसराच निघायचा. डोकं तेच, शेपूट तेच, पोट वेगळं. ती जमिनीवरच बसली. बसल्या बसल्या मला सांगितलं. कम्प्युटरमध्ये काहीतरी शिरून बसलंय. आपण काही कॉपी केलं की ते बघतं. असा लांबलचक पत्ता दिसला की तो काढून घेतं आणि तिथं आपल्या मालकाचा ठेवतं. माणसं टोकं बघतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून टोकं मिळतीजुळती निवडतं.

"म्हणजे मी पायलीत टाकली ज्वारी," मी म्हणलो, "आणि पोत्यात जाईपर्यंत कुणीतरी मधी हात घालायलंय."

"तसंच, मामा."

"दिसत न्हाई तो हात?"

"न्हाई दिसत."

ते आलं कुठून, ते पण तिनंच शोधलं. आमच्याकडं विरजण मागायला कुणी लाजत नाही. या घरातलं दही त्या घरात, तिथून पुढच्या आळीत, आणि शेवटी कुणाचं मूळ कुणाला आठवत नाही. मराठी अक्षरांचे फॉन्ट तसेच फिरतात. लग्नपत्रिका करायची, बारशाचं बॅनर करायचं, की बोर्ड-बॅनरच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर फॉन्ट आणायचे, फुकट, आणि पुढं वाटायचे. सूनबाईनं शेजारच्या बारशासाठी आणले होते. त्या विरजणातून ते आलं. तिनं दुकानदाराला फोन करून सांगितलं तर तो म्हणला, "ताई, सगळ्या तालुक्यानं नेलेत, कुणाचं काय गेलंय का?" कुणाचं जाणार? त्या हाताला उचलायसारखं दुसऱ्या कुणाकडं काही नव्हतं.

कम्प्युटर परभणीला जाऊन पार धुऊन आला. वेलबुट्ट्यांच्या नकला तिनं दुसरीकडं ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. नाण्याच्या किल्लीचे शब्द तिच्या वहीत लिहिलेले होते, त्यामुळं नाणं पण पुन्हा उघडलं. फॉन्ट गेले. परत आल्यावर पुन्हा तिरपं ऊन, पुन्हा वायर उंबऱ्यावरून. या वेळी आधी तिनं चिमूटभर पाठवलं. मी म्हणलो, ही वानगी झाली, पोत्यातली मूठ. वानगी डबीत पोचलेली दिसली, मग सगळं पाठवायचं ठरलं, आणि पत्ता मी पुन्हा पहिल्यापासून मोजला. डबी तिनंच मला दिली. काचेवरची अक्षरं मोठी करून दिली होती. होतात म्हणे तशी.

कुणी मधी थांबा म्हणलं नाही. शेवटचं अक्षर वाकलेली म्हातारी होती. आतून "हाय" आलं, मग बोट वाजलं.

"मामा, पोचलं."

"कुठं पोचलं?"

"कुठं न्हाई. तिथंच. आपल्या पत्त्यावर."

मला समजलं असं मी म्हणणार नाही. पण रास एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते तेव्हा मधे काय असतं? ना ते शेतकऱ्याचं, ना व्यापाऱ्याचं. मधे फक्त मापाऱ्याचा आवाज असतो. तो तुटला नाही तर माल पोचतो. एवढं मला आधीपासून ठाऊक होतं.

"दुकानाच्या पाटीवर अक्षर मोठं काढ," मी म्हणलो. "मला बाजेवरून दिसलं पायजे."

"बाजेवरून? स्टँडवरचं?" म्हातारी म्हणली. "हिकडून तर तुमाला लिंबावरचा कावळा दिसत न्हाई."

तेवढ्यात शेजारची मुलगी दारात आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पेन ड्राइव्ह. विरजण पाहिजे होतं आणि फॉन्ट असतील तर ते पण. सूनबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि माझ्याकडं बघायला लागली.

"दही दे," मी म्हणलो. "आणि हिला बसव. त्या फॉन्टचं काय झालं ते सांग."

सूनबाई उंबऱ्यावरच बसली. एक पाय आत, एक बाहेर. मी बाजेवर थोडा सरकलो आणि डोळे मिटले.