आक्काताईची सुरगाठ

दुपारचं जेवण झालंय. मी पुढच्या खोलीत कॉटवर आडवा झालोय. हातात झेंड्याची दोरी आहे. ती कॉटच्या पायाला बांधायची, ओढायची, सुटते का बघायचं, असं जेवणाच्या आधीपासून चाललंय. सुटत नाही. बाहेर गल्लीत पताका लावतायत, कुणीतरी माइक तपासतोय, "हॅलो, चेक, चेक." त्या आवाजातच डोळा जड होतो. पंखा फिरतोय हे कळतं. मग पंखा कळेनासा होतो, नुसतं वारं राहतं.

पूर्ण झोप लागण्याआधी थोडं सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

उद्या पंधरा ऑगस्ट. आमच्या गल्लीचा झेंडा आमच्या घरी असतो, ट्रंकेत, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला. कारण माझी बायको, आक्काताई. ती मुलींच्या शाळेत शिपाई होती. तिथला झेंडा तीच बांधायची, म्हणून गल्लीनंही आपला झेंडा तिच्याकडे दिला. घडी घालायची, आत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, वरून सुरगाठ. खालून पाहुण्यांनी दोरीला एक हिसका दिला की वर झेंडा मोकळा आणि पाकळ्या पाहुण्यांच्या टकलावर. कधी अडकला नाही. गेल्या मार्गशीर्षात आक्काताई गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारपर्यंत संपलं.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला झेंडा मी बांधला. माझा जन्म ट्रान्सपोर्टच्या गोदामात पार्सलं बांधण्यात गेला. माझी गाठ वाटेत सुटली अशी तक्रार कधी आली नाही. हात आपोआप तेच करून बसले. पाहुण्यांनी ओढलं. झेंडा गाठोड्यासारखा वर तसाच. पुन्हा ओढलं. मग जमीर वायरमनला बोलावलं, तो शिडी लावून वर चढायला लागला. तो निम्म्यात पोचला असेल नसेल, मागून कुणीतरी सवयीनं राष्ट्रगीत सुरू केलं. आता कोण हलणार? सगळे ताठ. जमीरही शिडीवर जिथं होता तिथंच ताठ, एक हात खांबाला, एक हात मांडीला. बंद गाठोड्याखाली अख्खी गल्ली राष्ट्रगीत म्हणत उभी होती. शेवटी दोरी कापावी लागली. आमच्या शेजारचे मगदूम सर म्हणाले, "आप्पांचं पार्सल पत्त्यावर पोचल्याशिवाय उघडत न्हाई." सगळे हसले. मीही हसलो.

तेच मगदूम सर परवा आले. "आप्पा, झेंडा तुमच्याच घरचा. तुम्हीच बांधा, तुम्हीच ओढा, आणि दोन शब्दही तुम्हीच बोला." दोन शब्द म्हणजे काय, तर त्यांनी मला एक वाक्य दिलं: आपल्या देशासारखा देश जगाच्या पाठीवर दुसरा नाही. मी हो म्हणालो. पण जग मी पाहिलेलं नाही आणि सुरगाठ मला येत नाही. मनात ठरवलंय, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर ट्रंकेतून झेंडा काढून सरांच्या हवाली करायचा. दुसऱ्या कुणाच्या घरी राहू दे. ते ठरवल्यापासून जेवण नीट गेलेलं नाही.

एवढंच. आता झोप लागते.

"सरका जरा."

आक्काताई कॉटच्या टोकाशी बसते. हात ओले आहेत, पदराला पुसतेय. मला नवल वाटत नाही. ती स्वयंपाकघरातून आली, एवढंच वाटतं.

"काय बांधलंय हे?" ती कॉटच्या पायाकडे वाकून बघते.

"सुरगाठ."

"ही सुरगाठ? बैल बांधायचाय का हितं?"

"हाताला दुसरी येत नाही."

"जानेवारीत काय झालं ते कळलं मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. तिकडं नवीन कोण आलं की पहिलं हेच सांगतंय. आमच्या भागातलं माणूस असलं म्हंजे झालं." ती तोंडावर पदर धरून हसते. "जमीर शिडीवर उभा होता म्हणं."

"होता."

"चला, दाखवते."

ती उठते. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात जातो आणि स्वयंपाकघर म्हणजे माझं गोदाम आहे. तोच तागाचा वास, तोच वजनकाटा. वजनकाट्यावर आपला गॅस ठेवलाय, त्यावर चहा उकळतोय. चोहोबाजूंनी छतापर्यंत पार्सलं रचलेली. सगळी मीच बांधलेली, गाठी ओळखू येतात. मी सवयीनं पत्ते वाचायला लागतो. पत्ते सगळे परदेशचे आहेत. कुठले कुठले देश, नावं वाचता येतात पण वाचून झाली की आठवत नाहीत. प्रत्येक पार्सलवर लाल शाईनं एकच सूचना आहे: जगात असा दुसरा नाही, सांभाळून न्या.

"आत काय आहे?"

"झेंडे. दुसरं काय असणार?" आक्काताई एक पार्सल ओढून घेते. "आणि एकही सुटत न्हाई. आम्ही बायका बसलोय सोडत."

खरंच, खाली पोत्यावर बायका बसल्यात. वेगवेगळ्या देशांच्या असाव्यात, पण बसल्यात मात्र आपल्याकडं पापड लाटायला बसतात तशा, गोल करून. एक उंच, चष्मेवाली बाई गाठीत दात घालून बसलीय. ती माझ्याकडं बघून विचारते, "हेच का ते?"

"हेच," आक्काताई म्हणते.

"बरं झालं आलात. आमच्या देशात अशी गाठ कुणी मारत नाही. आमच्यासारखा देश जगात नाही."

दुसरी, काळसर, ठसठशीत कुंकवासारखा ठिपका गालावर असलेली, मान वर न करताच म्हणते, "ती रोज हेच म्हणते. तिला आमच्याकडची सकाळ कुठं माहिताय. आमच्याकडं सूर्य उगवतो तसा दुसरीकडं उगवतच नाही."

"आणि तू काय म्हणतेस?" मी आक्काताईला हळूच विचारतो.

"मी पण म्हणते की. आमच्यासारखा देश न्हाई म्हणून. मग ह्या हसतात. मग त्या म्हणतात, तेव्हा मी हसते. दिवस कसा जातो कळत न्हाई."

"भांडण होत नाही?"

"होतं की. चहाच्या वेळी मिटतं."

चष्मेवालीच्या हातातली गाठ तशीच आहे. मला लाज वाटते. मी वाकून ती सोडवायला जातो, पण माझ्या नखाला माझीच गाठ दाद देत नाही. मी डोकं वर करतो तर छत नाही. आम्ही आमच्या चौकात उभे आहोत. ऊन आहे, पताका आहेत, माणूस कुणी नाही. मधे खांब आणि खांबाला शिडी. शिडीवर निम्म्यात जमीर उभा आहे, एक हात मांडीला चिकटवून.

"आप्पा," तो मान न हलवता विचारतो, "राष्ट्रगीत संपलं का?"

"कधीच संपलं. उतर खाली."

"झेंडा उघडला?"

मी वर बघतो. गाठोडं तसंच आहे.

"नाही अजून."

"मग थांबतो मी. घाई न्हाई."

आक्काताई चौकातल्या कट्ट्यावर बसते. तिच्या मांडीवर आमचा झेंडा आहे, ट्रंकेतला. डांबरगोळीचा वास येतो. ती घडी घालायला लागते आणि मी तिच्या पुढ्यात उभा राहतो, गुन्हेगारासारखा.

"अगं, सरांनी एक वाक्य दिलंय उद्या बोलायला."

"काय?"

मी सांगतो.

"मग बोला की. चांगलं आहे."

"मी जग कुठं बघितलंय? निपाणी, मिरज, एकदा सोलापूर. न बघता कसं बोलू?"

ती घडी तशीच ठेवून माझ्याकडं बघते. "माझी कटाची आमटी कशी व्हायची?"

"जगात भारी."

"जगात कुठंकुठं खाल्ली होती आमटी?"

मी बोटं मोजायला लागतो.

"मिरजेला माझ्या बहिणीकडं खाल्ली होती," ती म्हणते. "तिची माझ्यापेक्षा सरस व्हायची. तुम्ही तिथं दोन वाट्या जास्त घ्यायचा. मी मोजत न्हवते, पण दिसायचं."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? घरी येऊन पहिला भुरका मारला की म्हणायचाच, जगात भारी. आणि खोटं बोलताय असं मला कधी वाटलं न्हाई. तुम्हाला वाटलं?"

"नाही."

"मग."

शिडीवरून जमीर म्हणतो, "आक्का, तुमच्या बहिणीची सरसच व्हायची. मी खाल्लीय."

"तू सरळ उभा रहा," आक्काताई त्याला म्हणते. मग मला, "आणि मीठ जास्त पडलं की काय करायचा?"

"सांगायचो."

"शेजारच्या वाड्यात जाऊन?"

"छे. तुलाच. ताटावरच."

"मला राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी मीठ बेतानं पडायचं." ती परत घडीकडं वळते. "बाहेरच्या माणसाला काय, तो गोड बोलून उठून जातो. ज्याला रोज त्याच ताटावर बसायचंय, त्यानंच सांगायचं असतं."

मला एकदम आठवतं. "चौकातली गटार तुंबलीय गं. पाहुण्यांच्या पुढ्यातच वाहतीय. ती पण सांगू का उद्या?"

"सांगा. पण झेंडा उघडल्यावर. आधी न्हवं."

"तो उघडला तर."

"त्यासाठीच आलेय न्हवं मी? बसा समोर."

मी कट्ट्यावर तिच्या समोर बसतो. कट्टा आता आमची कॉट झालाय, पण ऊन चौकातलंच आहे. ती दोरी घेते. आक्काताई डावरी. लग्नात अक्षतासुद्धा डाव्या हातानं टाकायला निघाली होती, तिच्या आईनं हात धरला. तिचा डावा हात माझ्या उजव्याच्या समोर येतो.

"आरशात बघताय असं समजा," ती म्हणते. "मी हिकडं नेलं की तुम्ही तिकडं."

ती दोरीचा फेर घेते. मी घेतो. ती टोक आत घालते, पण पूर्ण ओढत नाही, दुमडूनच घालते, बाहेर एक कान ठेवते. मी पूर्ण ओढतो.

"ओढू नका."

"सैल राहील की."

"राहू दे. तुम्हाला वाटतं घट्ट बांधलं म्हंजे टिकलं. दोरीचा हा मधला पदर बघा, मी कसा धरलाय. आवळून न्हाई, नुसता धरलाय."

"पडेल झेंडा."

"कधी पडला?"

कधीच नाही. मी परत फेर घेतो. तिचे हात ओलेच आहेत अजून. मला वाटतं, आता विचारावं, तिकडं कशी आहेस, जेवतेस का वेळेवर, छातीत दुखतं का. पण ती दोरीकडं बघतेय आणि मीही दोरीकडंच बघतो. एवढ्या वर्षांत आम्ही जे काही बोललो ते असंच, हातात काहीतरी असताना.

"झेंडा सरांकडं द्यायचा म्हणत होता," ती म्हणते.

"तुला ते पण कळलं?"

"सगळं कळतं. देऊ नका. त्यांच्या घरी वाळवी आहे."

"बरं."

"आणि पाकळ्या जरा जास्त घाला. मागच्या खेपेला कंजूषपणा केलाय म्हणं."

"उघडलाच नाही तर कुणाला दिसल्या?"

"दोरी कापली तेव्हा पडल्या न्हवं. जमीरनं मोजल्या."

"अकरा," शिडीवरून जमीर म्हणतो.

ती हसते. हसताना तिचा पुढचा किडका दातसुद्धा दिसतो, जो काढायला ती तीन वर्षं घाबरत होती. ती माझ्या बांधलेल्या गाठीकडं बघते, मान वाकडी करून, गल्लीतल्या कुणाच्या रांगोळीकडं बघायची तशी.

"जमेल," ती म्हणते. "आता गॅसवरचा चहा उतू जाईल. उठा."

"हॅलो, चेक, चेक."

मी उठून बसतो. तोंडाला कोरड आहे. पंखा फिरतोय. चहा कुठलाही ठेवलेला नाही, तरी मी आत जाऊन गॅस बघून येतो. बंद आहे. माझं एक ताट, एक वाटी मोरीत पडलंय. तिथं थोडा वेळ उभा राहतो, मग ते धुऊन टाकतो.

परत येऊन बघतो तर कॉटच्या पायाला दोरी बांधलेली आहे. जेवणानंतर मी जी बांधली होती ती निरगाठ होती. ही ती नाही. एक फेर, दुमडलेलं टोक आणि बाहेर लोंबणारा एक कान. कान डाव्या बाजूला आहे. मी उजव्या हाताचा माणूस. माझ्या हातून कान डावीकडं पडणार नाही, कसंही बांधलं तरी.

मी जमिनीवर बसतो आणि ती गाठ बघत राहतो. बराच वेळ. असं वाटतं तशीच राहू द्यावी, कॉटला कुणी हात लावू नये. पण झेंड्याला दोरी ही एकच आहे. जुनी तर जानेवारीत कापली. आणि न सोडता बांधूनच ठेवली तर ती माझी गाठ होईल, तिची नाही.

कान धरतो. एक हिसका. सटकन सुटते.

हातात मोकळी दोरी येते. पण जिथं जिथं तिनं वळवली होती तिथं दोरीला मुरड राहिलीय, धुतलेल्या लुगड्याला घडीची राहते तशी. मी दोरी समोर धरतो, आरशात बघतोय असं समजून. ती हिकडं, मी तिकडं. मुरडीवरून फेर, मुरडीवरून टोक. ओढत नाही.

खिडकीतून मगदूम सरांना हाक मारतो, "सर, उद्याची फुलं किती आणताय?"

"नेहमीइतकी. का हो आप्पा?"

"दुप्पट आणा," मी म्हणतो, आणि ट्रंक उघडायला आत जातो.