माझ्या मापाची सायकल

दोडामार्गाच्या आमच्या गावातून निघाले तेव्हा आईने एसटीच्या खिडकीतून भाकऱ्यांची पिशवी आत दिली आणि म्हणाली, "जातंस तर जा. पण मामाच्या उपकाराखाली जास्त दिस रवू नको." बाकीचे नातेवाईक रडले. त्यातल्या निम्म्यांना मी कुठल्या कामाला चाललेय हेही ठाऊक नव्हतं. एक काकी रडता रडता विचारत होती, "गोव्यात हॉटेलात गो?"

मी निघाले होते औषधांच्या कारखान्यात, पॅकिंगला. राहायचं धारगळला, मामाकडे. मामा ट्रक चालवायचा आणि दहा वर्षं गोव्यात राहिल्यामुळे आपण मोठे झालो आहोत, असं त्याला वाटायचं. कारखाना सात किलोमीटरवर. आमच्या बाजूला कंपनीची बस येत नसे आणि पहिली पाळी सातची. मामाने छाती काढून सांगितलं, "भाचीक सायकल मी घेतंय."

तो मला म्हापशाच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार मोबाईलमध्ये बघत बोलत होता. मी किती लांब जाणार, कुठल्या रस्त्याने, त्याने काही विचारलं नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच, ती त्याला दिसलीही नसावी. त्याने जाडजूड टायरची, एकवीस गिअरची, डोंगर चढायची सायकल पुढे ओढली. मडगार्ड नाही, कॅरियर नाही. मी म्हटलं, "ही उंच होते." तो म्हणाला, "सीट खाली करून देतो, मॅडम. सगळे हीच नेतात." दांडा कसा खाली करणार, हे त्या शहाण्याला विचारायला हवं होतं. शेजारी साधी, लहान फ्रेमची सायकल होती. मी तिला हात लावला तर मामा म्हणाला, "तसली पाव विकणारे पदेर चालवतत. लोक काय म्हणतले?"

लोक काय म्हणाले ते सांगते. पावसात मागच्या चाकाचा लाल चिखल माझ्या पाठीवर मानेपर्यंत उडायचा. सुपरवायझर रोज नाक मुरडायचा. डबा हँडलला लटकवलेला, तो गुडघ्यावर आपटायचा. हँडल इतकं लांब की सातच किलोमीटरांत बोटं बधिर व्हायची, आणि मग त्याच बोटांनी दिवसभर गोळ्यांची पाकिटं भरायची. थांबले की पायाचा अंगठा तेवढा जमिनीला टेकायचा.

एका सकाळी हायवेवर ट्रक अंगावर आला. ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, खाली काही लागलंच नाही. सायकलसकट आडवी झाले. मनगट सुजलं, तीन आठवडे कामावर जाता आलं नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती. परत गेले तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "जमना जाल्यार गांवाक वच." जमत नसेल तर गावाला जा, म्हणजे. मामा म्हणाला, "तुका चालवूक येणा नाय." ज्याने जन्मात सायकल घेऊन कामाला जाऊन पाहिलं नाही, तो हे सांगत होता.

शेवटी मीच ती ढकलत पेडण्याच्या बाजारात बाबलोकाकांकडे नेली. सायकल दुरुस्तीचं त्यांचं दुकान म्हणजे एक दार आणि एक बाक. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.

"किती लांब जातंस? रस्तो कसो? वांगडा काय न्हेतंस?"

"सात किलोमीटर. चढ एकच. डबो आनी छत्री."

"मगे ह्यो रणगाडो कित्याक?"

त्यांनी कोपऱ्यातली जुनी हिरवी सायकल काढली. फ्रेम लहान, दांडा खाली वाकलेला, टायर बारीक आणि गुळगुळीत, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर. मला बसवलं. पायडल खाली असताना टाच टेकवून पाय सरळ होईपर्यंत सीट वर-खाली केली. हँडल सीटच्या उंचीला आणलं. सीटवरून पुढे सरकून मला उभं केलं. दोन्ही पावलं पूर्ण टेकली. अदलाबदलीत त्यांनी रणगाडा ठेवून घेतला.

मामा अंगणात भडकला. "माझी इज्जत काढलंस!"

"मामा, सायकल मी चालवतंय. इज्जत तुमी चालवा."

महिन्याभरात मी मामाचं घर सोडून पेडण्याच्या बाजारापलीकडे खोली घेतली, एका जनेलाची म्हणजे खिडकीची, सायकल आत मावेल एवढी. नोकरी कायम झाली. सुपरवायझरला माझं नाव अजून नीट घेता येत नाही, त्याचं त्याच्यापाशी.

तुम्ही गावात राहिलेले मला विचारता, गाडी कधी घेणार. गाव सोडून आलेले तुम्हीही तेच विचारता, आणि हप्त्यावर घेतलेल्या बुलेटवरून कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाता. तुमच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

यंदा चवथीला, गणपतीत, गावी गेले होते. तिसऱ्या दिवशी पिशवी भरताना त्याच काकीने विचारलं, "इतक्यात खंय चललंस गो?"

"घराक," मी म्हटलं.

आई तिथेच नारळ सोलत बसली होती. तिचा हात थांबला. मला काही तरी म्हणून सावरता आलं असतं. मी तो शब्द तसाच राहू दिला. तिने सोललेला नारळ माझ्या पिशवीत ठेवला आणि दुसरा घ्यायला हात पुढे केला.