शिवकांताबाईंचा डी सेट

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या शिवकांताबाईंना पोरं 'डी सेटवाल्या मॅडम' म्हणतात. पेपर एकच, पण शेजाऱ्याचं बघून लिहू नये म्हणून प्रश्नांचा क्रम बदलून ए ते डी असे चार सेट काढायचे. प्रत्येकाची उत्तरतालिका वेगळी. हे काम करणारा छोटा प्रोग्राम बाईंनी स्वतः शिकून लिहिला. जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात अशा लिनक्स नावाच्या एका फुकट संगणकप्रणालीत तो पॅकेज म्हणून, म्हणजे सोबत मिळणारा तयार प्रोग्राम म्हणून गेला आणि सांभाळणारी म्हणून बाईंचं नाव लागलं. आपल्या नावावर एवढं एकच घर, असं त्या हसत सांगतात.

एका वर्षी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या दोन आठवडे अहमदपूरला भावाकडं होत्या. परत येऊन मेल उघडला तर लिनक्सच्या येऊ घातलेल्या नव्या आवृत्तीत त्यांच्या प्रोग्रामनं घोळ घातलेला. डी सेटची उत्तरतालिका चुकत होती. नांदेडच्या एका क्लासमधल्या राघवेंद्र सरांनी तक्रार टाकली, उत्तर येईना म्हणून स्वतःच दुरुस्ती करून अपलोडच्या रांगेत ठेवली.

तिथला नियमच तसा आहे. सांभाळणारा गप्प असेल तर दुसऱ्यानं दुरुस्त करावं. पण दहा दिवस रांगेत थांबावं, काय बदललं ते कळवावं, आणि मोडलंय तेवढ्यालाच हात लावावा.

नऊ दिवस उलटले होते. उद्या दुपारी ती दुरुस्ती आत जाणार आणि संध्याकाळी नव्या आवृत्तीला कुलूप लागणार, म्हणजे ती बाहेर पडेपर्यंत त्यात काही बदलता येणार नाही. नुसती हरकत घेतली, तर दुरुस्ती अडणार आणि चुकीचं पॅकेज नव्या आवृत्तीतून वगळलं जाणार.

बाईंनी बदल वाचायला घेतले. दुरुस्ती दोन ओळींची होती. बाकी तीनशे ओळींची साफसफाई. त्यात एका आकृतीखालचे प्रश्न एकत्र ठेवणारा तुकडाच उडाला होता. म्हणजे बेडकाचं हृदय एका पानावर आणि त्याचे प्रश्न तिसऱ्या.

बाईंनी मेलमधल्या नंबरवर फोन लावला.

सर आधी खूश झाले, मग दुखावले. तीन दिवस खपून आपण केवढा कचरा काढला, ते त्यांनी ऐकवलं.

"त्यो कचरा न्हवता सर. आकृतीखालचे प्रश्न एकत्र ठिवणारा तुकडा व्हता त्यात."

"मॅडम, आमच्याकडं कुणी ते वापरतच नाही. मी चांगल्यासाठीच करून राहिलो ना."

बाई म्हणाल्या, "भूकंपात आमचं घर पडलं, तवा मी अकरा वर्षांची. आम्ही शाळेतल्या छावणीत होतो. गावात मशीन आलं, एका दुपारात सगळा ढिगारा साफ. आमच्या दाराची सागवानी चौकट शाबूत होती. वडील तीच पत्र्याच्या शेडला लावणार होते. दगडासंगं गेली. मशीनवाल्यानं बी चांगल्यासाठीच केलं."

सरांनी विचारलं,

"सापडली का मग?"

"कुठल्या तरी भरावात असंल."

सरांनी दुरुस्ती मागं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त दोन ओळी आल्या. बाईंनी डी सेट छापला आणि दोनशे प्रश्न पेन्सिलीनं एकेक करून उत्तरतालिकेशी ताडून पाहिले. चारच्या सुमारास स्वतःच्या हातानं अपलोड केलं; सांभाळणारीला रांगेत थांबावं लागत नाही. कुलूप लागायच्या आत पोचलं.

मग त्यांनी आणखी एक केलं. त्या लिनक्समध्ये एक यादी असते: आमच्या पॅकेजची दुरुस्ती करायला दहा दिवस थांबू नका, असं म्हणणाऱ्यांची. शिवकांताबाईंनी त्या यादीत आपलं नाव घातलं. आपल्या गैरहजेरीत पोरांचे मार्क जाऊ नयेत, एवढंच कारण लिहिलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"मॅडम, आता तर दार उघडंच टाकलं की."

"हाव. पण चौकट तिथंच हाय. बाकीची झाडलोट कुलूप निघाल्यावर पाठवा, बघून घेते."

"आकृती सोडून," सर म्हणाले.