आठ नंबरची दोरी

मुलाने परदेशातून मासे धरायचा रॉड पाठवला, तेव्हा मी म्हटलं, अरे बाबा, आपल्या घरात मासा शिजत नाही आणि हे काय पाठवलंस! पण त्याच्या मनात वेगळंच होतं. ह्यांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला. डॉक्टर सांगून थकले, हात हलवा, हात हलवा. हे हलवतील तर शपथ. पण नदीवर गळ टाकून बसायची हौस जुनी. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. त्या हौसेने तरी हात वर जाईल, असं मुलाला वाटलं.

हा रॉड आपल्या गळासारखा नाही बरं का. आपल्या गळाला शिसं लावतात, ते फेकलं की दोरा मागून जातो. ह्याच्या टोकाला नुसतं पिसाचं खोटं चिलट, माशाला भुलवायला. त्याला वजनच नाही, मग जाणार कसं? म्हणून दोरीच वजनदार. ती मागे हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे. तिच्या वजनाने रॉड वाकतो आणि तोच तिला फेकतो. शाळा मी कुठे शिकले, पण हे मोबाइलवर बघून बघून समजून घेतलं.

दोरी पाठवायला मात्र मुलगा विसरला. ती ह्यांनीच दुकानाला फोन करून मागवली.

आमचं गाव धुळ्याकडचं, तापीला लागून. रोज सकाळी हे काठावर उभे, मी चहाचा थर्मास घेऊन दगडावर. रॉड आता मोडतो की मग, असा वाकायचा आणि दोरी पुढ्यातच धप्पकन पडायची, ढीग होऊन. म्हशी पाण्यावर आणणारा शेजारी एकदा थांबलाच.

"काय नाना, पानीले चाबूक मारी राह्यनात का?"

"पानी तरी ऐकस," हे म्हणाले. "तुनी म्हैस ऐकत नही."

तेव्हा हसले. पण आठवडाभराने दगडावर येऊन बसले आणि म्हणाले, "हात गेला गं माझा. जोरच राहिला नाही त्यात. बांधून ठेव हे सगळं." दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बटणंही मलाच लावायला लावली. मी लावली.

रॉड पुसून पिशवीत घालताना मुठीच्या वर बारीक अक्षरात पाच आकडा दिसला. दोरीच्या डबीवर आठ.

"अहो, हे नंबर जुळत नाहीत."

"माहितीय मला. मुद्दाम मागवली. रॉड नाजूक, त्याला दोरी बारीक हवी. पाचापेक्षा आठ बारीक."

ह्यांची सगळी नोकरी दीपनगरला, वीजकेंद्रात. तिथे तारेचा नंबर चढला की तार बारीक होते.

"पण ही तर चांगली जाड दिसते."

"वरचं इन्सुलेशन आहे ते!"

इन्सुलेशन! मी गुपचूप ओट्यावर जाऊन मुलाला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "आई, ह्यात उलटं असतं. नंबर मोठा तेवढी दोरी जड. पाचच्या रॉडला पाचचीच लागते. इतकी जड दोरी रॉडलाच पेलत नाही, बाबांचा हात काय करेल?"

आत येऊन सांगितलं, तर हे माझ्यावरच तापले. "हा कुठला नियम? मोठ्या नंबराला जाड?" पण दुकानाला फोन स्वतःच केला, आणि दुकानदाराला तारेच्या नंबरांचं गेज समजावत बसले ते वेगळंच. त्या भल्या माणसाने दोरी बदलून दिली.

नवी दोरी पहिल्यांदा मागे गेली तेव्हा मी श्वास रोखून धरला. हेही थांबले. मग हात पुढे आला आणि दोरी पाण्यावर अशी लांब, सरळ उतरली, की आवाजसुद्धा नाही. ह्यांनी पुन्हा टाकली, पुन्हा टाकली. चहा गार झाला, ऊन वर आलं, मासा एकही नाही. मी म्हटलं, "चला आता, भाकरी टाकायच्यात." तर म्हणतात, "तू हो पुढे."

संध्याकाळी मी तेल कोमट करून ह्यांच्या खांद्याला चोळत होते. विचारलं, "दुखतोय ना?"

"दुखतोय," हे म्हणाले. "पण काम केल्यासारखा दुखतोय."