चाचीच्या हाताला कळायचं

सई, निनाद,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सईने चटणीच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडलं आणि हसत म्हणाली, "आजी, सकाळी तासभर बोटं मिटतच नाहीत गं, थंडीने असेल." तुम्ही दोघं हसलात. मी हसले नाही. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज कापेल आणि तुम्ही मला समजावत बसाल. म्हणून लिहिते आहे, तेही आमच्या बांगड्यावाल्या चाचीबद्दल. ती आज असती तर मला लिहावं लागलं नसतं.

चाचीला डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त दिसायचं. अमरावतीच्या आमच्या गल्लीत ती बांगड्यांची पेटी घेऊन यायची, ओट्यावर बसायची आणि समोरच्या बाईचा पंजा हातात घेऊन बोटांच्या मुळांशी एकदाच दाबायची. मग माप सांगायची: सव्वादोन, दोन-सहा, अडीच. ते कधी चुकलं नाही. सगळ्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ होती. कुणाला दिवस गेलेत, कुणी जेवण सोडलंय, हेही तिला त्या एका दाबात समजायचं. पण ते ती ओट्यावर बोलायची नाही.

तुमच्या मोठ्या मामाच्या लग्नात घरात चुडे भरायला ती आली. मी तेव्हा काचेच्या बांगड्या सोडून फिरकीची सोन्याची पाटली घालू लागले होते. ती उघडता येते, पंजा आवळावा लागत नाही. त्यामागचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. चाचीने माझा हात धरून दाबला आणि मी ओरडले. सगळ्या बायका बघायला लागल्या.

"वैनी, हात सव्वादोनचा, अन् आज अडीचची बी जाऊन नाही राहिली. काहून?"

"वय झालं चाची. थंड पाण्यात काम."

"वय झालं तं सांधा गरम काहून लागते? दुसराबी दाखवा." तिने दुसरा दाबला. "दोनी हात सारखेच. एवढं इंग्रजी शिकल्या, सोताचा हात वाचता येत नाही?"

बायका हसल्या. मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. लग्न आटोपल्यावर मी सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझा पंजा घेतला आणि बोटांच्या मुळांशी दाबला, अगदी चाचीसारखा. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं. शरीर स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजतं, असं त्यांनी समजावलं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज कधीही नाही. मी सोमवार ठरवला आणि कॅलेंडरवर खुणा केल्या. पण पाकिटातला दुष्परिणामांचा कागद वाचल्यावर गोळी हातात धरून तशीच बसून राहिले. ओट्यावर चाची होती. म्हणाली, "कागद वाचून घाबरता. बोटाइले पाहून नाही घाबरत?" मी गोळी घेतली.

आता जे लिहायचं त्याची मला लाज वाटते. पुढच्या दोनेक वर्षांत चाचीचा चेहरा गोल, गुबगुबीत झाला. मी म्हणाले, "चाची, तब्येत छान सुधारली." ती पेटी आवरू लागली. पुढे एका दुपारी ती आमच्याच ओट्यावर कोसळली. उलट्या झाल्या, अंग गार पडलं, नाडी हाताला लागेना. दवाखान्यात विचारलं, काय औषध घेत होत्या? कुणाला माहीत नव्हतं. मी तिची पेटी उघडली. बांगड्यांच्या रांगांखाली पुड्यांचे रिकामे कागद दडवलेले होते, नीट घडी करून. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारातला एक माणूस त्या द्यायचा. पुडी घेतली की दोन दिवसांत तिच्या बोटांची सूज उतरायची. तो महिनाभर आलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार, चेहरा सुजला तोही त्यानेच. ते असं एकाएकी बंद झालं की जीवावर बेततं.

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "माझं ओळखलंस, मग स्वतःचं का लपवलंस?"

"वैनी, ज्या हाताले सोताले दुखते, त्या हातात कोन आपला हात देईन?"

मग तिलाही रीतसर औषधं सुरू झाली. दुखणं थांबलं, पण वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. औषध पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. पेटी बंद झाली आणि ती लेकीकडे अकोल्याला गेली.

धाकट्या मामाच्या लग्नाला मात्र ती आली. सई, तू तेव्हा सोळा वर्षांची. तिने हट्टाने फक्त तुला बांगड्या भरल्या. पूर्वी ज्याला दोन मिनिटं लागायची त्याला अर्धा तास लागला. तू कंटाळली होतीस, पण हात ओढून घेतला नाहीस. तुझा पंजा दाबून ती म्हणाली, "नरम हाय. दोन-सहा." मग माझ्याकडे वळली. "वैनी, तुमचं रगत हाय. हिच्या हाताकडे ध्यान ठेवजा." शेवटची हिरवी बांगडी तिच्या बोटांना चढवता आली नाही. ती तिने माझ्या ओंजळीत ठेवली. पुढच्याच वर्षी चाची गेली.

सई, घरात एकाला हा आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. नसेल तर मी देवापुढे साखर ठेवीन. पण याच आठवड्यात सांध्यांच्या डॉक्टरांना हात दाखव. आजीला हा आजार आहे, हे आधी सांग. तोवर कुणी दिलेली झटपट गोळी घेऊ नकोस. निनाद, तू तिच्यासोबत जा.

माझी बोटं अजून सरळ आहेत. हे पत्र मी त्यांनीच लिहिलं. आणि ती हिरवी बांगडी, दोन-सहाची, माझ्या कपाटात शाबूत आहे.